बार्शी लाईटचा भराव, वेल्सची छोटी रेल्वे आणि आमची तुंबलेली मोरी



यंदाच्या पावसात माझ्या खालच्या रानात, दोन एकर तुरीत, चार दिवस पाणी उभं राहिलं. तूर पिवळी पडली, मर लागली आणि निम्मं रान हातचं गेलं. पहिल्या दिवशी वाटलं, पाऊसच जास्त झाला. दुसऱ्या दिवशी काठी टेकत टेकत रानाच्या कडेला गेलो तेव्हा कळलं, दोष पावसाचा नव्हता. रानाच्या खालच्या अंगाला जुन्या रेल्वेचा भराव आहे. त्या भरावाखाली दगडी मोरी आहे आणि आमच्या सगळ्या पट्ट्याचं पाणी त्या मोरीतूनच ओढ्याला जातं. ती मोरी तोंडापर्यंत तुंबली होती. बाभळीच्या फांद्या, गाळ, मल्चिंगचा कागद आणि ठिबकच्या जुन्या नळ्या. नळ्या कुणाच्या, ते सांगायला नको. त्यात माझ्याही असणार.

हा भराव आहे बार्शी लाईटचा. आज फवारणी-खताचं बाजूला ठेवून या भरावाची आणि त्याच्यासारख्याच एका लांबच्या रेल्वेची गोष्ट लिहितो. जरा लांबण आहे, पण शेवटी मोरीवरच येतो.

आपल्या भागातल्या नव्या पोरांना बार्शी लाईट माहीत नाही. मुंबई-सोलापूरची मोठी लाईन बार्शीला न येता कुर्डुवाडीवरून गेली. बार्शी तर मोठी पेठ. बालाघाटाच्या अलीकडचा-पलीकडचा कापूस, गळिताचं धान्य सगळं तिथं यायचं आणि तिथून बैलगाड्यांनी रेल्वेपर्यंत जायचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता, आधी जीआयपी रेल्वेत नोकरीला. त्यानं हे हेरलं, कंपनी काढली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी छोटी लाईन सुरू केली. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाईनचं असतं १६७६. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा हिशोब. भार कमी म्हणून रूळ हलके, पूल हलके, खर्च कमी. पुढं ही लाईन १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळी मोठी लाईन झाली. मोठी लाईन टाकताना काही ठिकाणी मार्ग बदलला. तसा आमच्याकडंही बदलला आणि जुना भराव रानात तसाच राहिला. रूळ गेले, खडी गेली, आता मुरूमही रात्रीत जातोय.

लहानपणी आषाढीला आजीबरोबर याच गाडीनं पंढरपूरला गेलो होतो. शेवटच्या गाडीच्या वेळी आम्ही सगळे बघायला गेलो, इंजिनाला हार घातला, नारळ फोडला आणि घरी आलो. नंतर त्या भरावाकडं कुणी वळून बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडं गेलो होतो. तो इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बाजूला नोकरीला आहे. तिथं बसून बसून कंटाळलो, तेव्हा तो म्हणाला, दादा, तुम्हाला तुमची बार्शी लाईट दाखवतो. मला थट्टा वाटली. बर्मिंगहॅमहून रेल्वेनं पश्चिमेला वेल्समध्ये वेल्शपूल नावाच्या गावी उतरलो. तिथून बाजारपेठेतून मैलभर चालत गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. स्टेशनवर काळपट लहान इंजिन उभं, वाफ सोडतंय. मी आधी रुळांकडं बघितलं. पावलानं अंदाज घेतला. अडीच फूट. तेच माप.

ही वेल्शपूल आणि लानव्हेअर लाईट रेल्वे. लांबी साडेआठ मैल, आपले पावणेचौदा किलोमीटर. हिचा इतिहास शेतकऱ्यानं वाचण्यासारखा आहे, कारण ती शेतकऱ्यांच्या मालासाठीच बांधली होती.

वेल्शपूल हे जनावरांच्या बाजाराचं गाव. आजही तिथला सोमवारचा मेंढरांचा बाजार मोठा भरतो. लानव्हेअर हे डोंगरात आत, बान्वी नदीच्या खोऱ्यातलं गाव. भोवती कुरणं, मेंढरं, गुरं, थोडा लाकूडफाटा. माल वेल्शपूलला न्यायचा तर चढउताराचा रस्ता आणि घोडागाडी. तिथल्या लोकांनी १८६० च्या दशकापासून रेल्वेसाठी खटपट केली. योजना झाल्या आणि पैशाअभावी बारगळल्या. अडचण अशी की मोठ्या रेल्वेचे नियम लावले तर खर्च परवडत नाही, आणि एवढ्याशा खोऱ्यात तेवढा माल निघत नाही.

१८९६ मध्ये तिकडं लाईट रेल्वेचा कायदा झाला. मागास ग्रामीण भागात कमी खर्चात, कमी वेगाची, साध्या नियमांची रेल्वे काढायला परवानगी आणि सरकारी मदत. त्यातून ही लाईन उभी राहिली. सरकारचं अनुदान आलं, तिथल्या कौन्सिलांनी पैसा घातला. मार्च १९०३ मध्ये मालगाडी आणि एप्रिल १९०३ मध्ये माणसांची गाडी सुरू झाली. चालवायला मोठी कंपनी होती, केंब्रियन रेल्वे.

रूळ टाकताना डोंगर फोडले नाहीत. आपण जसा समपातळीवर बांध घालतो तशी लाईन डोंगराच्या अंगानं वळत नेली. अरुंद रुळांचा फायदा हाच, की वळणं आवळून घेता येतात. तरी गोल्फा नावाच्या चढाला २९ फुटांना १ फूट असा चढ आहे. रेल्वेच्या मानानं हा फार उभा चढ. इंजिन तिथं अक्षरशः धापा टाकतं. गाडीत बसून मला आमचा उसाचा ट्रॅक्टर घाट चढताना आठवला.

इंजिनं दोनच. १९०२ मध्ये मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्यात बनलेली. नावं 'द अर्ल' आणि 'द काउंटेस', म्हणजे तिथल्या पॉविसच्या जमीनदाराचं आणि त्याच्या बायकोचं नाव. हे घराणं म्हणजे आपल्याला शाळेत शिकवलेल्या प्लासीच्या लढाईतल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाचा वंश. वेल्शपूलला त्यांचा किल्ला आहे आणि टिपू सुलतानाच्या काही वस्तू तिथं ठेवल्या आहेत. असो, हा वेगळा विषय.

खोऱ्यात जाताना गाडी कोळसा, खत आणि चुना न्यायची. चुना कशाला, असं वाटेल. तिकडं पाऊस भरपूर, त्यामुळं जमिनीतला चुना धुपून जातो आणि जमीन आम्ल होते, म्हणून वरून चुना टाकावा लागतो. आपल्याकडं उलट, चुनखडीनं लोह मिळत नाही आणि पिकं पिवळी पडतात. परत येताना मेंढरं, गुरं आणि लाकूड. माणसांचे डबे आणि मालाच्या वाघिणी एकाच गाडीला जोडायच्या. वाटेत थांबून वाघिणी काढायच्या, जोडायच्या, म्हणून नऊ मैलांना तासभर लागायचा.

आता ती बुडाली कशी ते बघा. पहिली बस आली. बस घरासमोर थांबते आणि लवकर पोचते. फेब्रुवारी १९३१ मध्ये माणसांची गाडी बंद केली. तोपर्यंत लाईन ग्रेट वेस्टर्न या बड्या कंपनीकडं गेली होती आणि त्या कंपनीच्या बससुद्धा होत्या. मग ट्रक आला. छोट्या लाईनचा माल वेल्शपूलला उतरवायचा आणि मोठ्या लाईनच्या वाघिणीत परत भरायचा. म्हणजे दोनदा हमाली, दोनदा वेळ, दोनदा नासधूस. ट्रक मात्र वाड्यावरून मेंढरं भरतो आणि थेट बाजारात सोडतो. १९४८ ला रेल्वे सरकारी झाली आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये मालगाडीही थांबली.

हे ऐकताना मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. आपल्याकडं कुर्डुवाडीला हेच होतं. छोट्या वाघिणीतनं मोठ्या वाघिणीत पोती फिरवायची. माझ्या वडिलांनी दोन-चार वर्षं माल रेल्वेनं पाठवला. पुढं खळ्यावर ट्रक यायला लागला, तसा वडिलांनी स्टेशनचा रस्ता सोडला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीसुद्धा तेच केलं असतं. पण रेल्वे बंद पडल्यावर सरकारला शिव्या देताना हे लक्षात ठेवलं पाहिजे, की आधी माल आम्हीच काढून घेतला होता.

इथपर्यंत दोन्ही लाईनींची गोष्ट सारखी आहे. पुढं ती वेगळी होते.

वेल्समध्येच १९५१ साली एक प्रयोग झाला होता. टॅलिलिन नावाची दगडी पाट्यांच्या खाणीची छोटी रेल्वे मालक वारल्यावर बंद पडणार होती. बाहेरच्या हौशी लोकांनी संस्था काढली आणि पगार न घेता ती चालवायला घेतली. रेल्वे अशी स्वयंसेवकांनी चालवायला घेण्याची जगातली ती पहिलीच वेळ मानतात. ते बघून वेल्शपूलच्या लाईनसाठी १९५६ मध्येच लोक जमले. १९६० मध्ये त्यांनी कंपनी केली, सरकारी रेल्वेकडून लाईन आधी भाडेपट्ट्यानं घेतली, पुढं विकत घेतली.

काम सुरू केलं तेव्हा रुळावर झुडपं वाढलेली, स्लीपर कुजलेले. माणसं शनिवार-रविवारी यायची, तीही शंभर-दोनशे किलोमीटरवरून, स्वतःच्या खर्चानं. केंटमध्ये नौदलाच्या दारूगोळ्याच्या डेपोची याच मापाची रेल्वे बंद होत होती, तिथले डबे-वाघिणी आणल्या. दोन्ही जुनी इंजिनं सरकारी कारखान्यात पडून होती, ती १९६१ आणि १९६२ मध्ये परत आणली. एप्रिल १९६३ मध्ये, म्हणजे पहिल्या गाडीनंतर बरोबर साठ वर्षांनी, लानव्हेअरहून निम्म्या रस्त्यापर्यंत गाडी सुरू झाली.

त्याच वर्षी फटका बसला. वेल्शपूल गावातून घरांच्या मधून जाणारा लाईनीचा तुकडा होता. मोठ्या लाईनच्या स्टेशनापर्यंत तोच जायचा. ती जागा गावच्या कौन्सिलला हवी होती. ऑगस्ट १९६३ मध्ये तिथली शेवटची गाडी गेली आणि रूळ उखडले. म्हणून आज मैलभर चालावं लागतं.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, बान्वी नदीला पूर आला आणि पुलाचा खांब खचला. गाडी सुरू होऊन दोन वर्षं झाली नव्हती. तिथंच सगळं संपायचं. त्यांनी वर्गणी मागितली, लोकांनी दिली. लष्कराच्या इंजिनिअर तुकडीनं सराव म्हणून काम अंगावर घेतलं, दगडी खांबाच्या जागी लोखंडी खांब उभा केला आणि १९६५ मध्ये गाडी परत पूल ओलांडून गेली.

मग हळूहळू वेल्शपूलकडं सरकले. १९७२ मध्ये सिल्फाएन या थांब्यापर्यंत. शेवटच्या टप्प्यात तो गोल्फाचा चढ. १९८१ च्या जुलैमध्ये गाडी वेल्शपूलच्या कडेला पोचली. साडेआठ मैलांना अठरा वर्षं लागली, मंडळी. स्टेशनची इमारतसुद्धा दुसऱ्या बंद स्टेशनवरून उचलून आणून बसवली. डबे ऑस्ट्रियातल्या झिलरटाल रेल्वेचे. काही डबे आणि एक इंजिन १९७५ मध्ये आफ्रिकेतल्या सिएरा लिओनहून आलं, तिथली रेल्वे बंद झाली म्हणून. एक इंजिन अँटिग्वा बेटावर उसाच्या गाड्या ओढायचं. जगात जिथं जिथं अडीच फुटी लाईन मोडली, तिथलं काहीतरी इथं चालू आहे.

मला सगळ्यात जास्त बघावंसं वाटलं ते इंजिन नव्हे. लाईनीच्या कडेला तीन म्हातारे काम करत होते. एक जण फावड्यानं चर काढत होता, दुसरा मोरीच्या तोंडाचा पाला ओढत होता, तिसरा झुडपं छाटत होता. माझ्यापेक्षा वयानं मोठे. मुलाला विचारायला लावलं, किती पगार. पगार नाही. इथं थोडी पगारी माणसं आहेत, बाकी सगळे असेच. मग रोज हे काम कशाला, असं विचारलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजेल. रुळाखालच्या खडीत पाणी थांबलं की माती वर येते, स्लीपर हलतात, कुजतात आणि रूळ वाकडा होतो. म्हणून आधी पाणी काढून द्यायचं, बाकीचं नंतर.

इंजिन चालवायला मिळावं म्हणून पुष्कळ पोरं येतात म्हणे. पण आल्या आल्या कुणाला दांडा धरू देत नाहीत. आधी इंजिन पुसायचं. मग परीक्षा देऊन फायरमन, आणि त्यानंतर वर्षं घातल्यावर ड्रायव्हर. सकाळच्या गाडीसाठी पहाटेच आग पेटवावी लागते, बॉयलर तापायला तास लागतात. दहा वर्षांनी बॉयलर पूर्ण उतरवून तपासायचा, त्याचा खर्च मोठा. कोळशाचंही अवघड झालंय. दक्षिण वेल्समधली मोठी उघडी खाण २०२३ मध्ये बंद पडली, आता कोळसा परदेशातून आणावा लागतो. वेल्समध्ये, जिथल्या कोळशावर कधीकाळी जगातल्या आगबोटी चालल्या!

आता खरं सांगतो. ती गाडी आज शेतकऱ्यांच्या कामाची नाही. एक मेंढरू त्यातून बाजारात जात नाही. पर्यटक येतात, तिकीट काढतात, चहा-केक खातात आणि जातात. त्या पैशावर आणि देणग्यांवर ती चालते. कुणी म्हणेल, हे भरल्या पोटाचे खेळ आहेत. थोडं तसं आहेही. आपल्याकडं बार्शी लाईटची मोठी लाईन झाली ते चांगलंच झालं. त्यांची लाईन नुसतीच बंद झाली होती, आपली तरी वाढली. विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला कापसासाठी बांधली होती, ती बंद पडून आहे. तिथल्या लोकांना म्हातारे स्वयंसेवक नकोत, रोज धावणारी गाडी हवी आहे. ते बरोबरच आहे. म्हणून मी असं म्हणत नाही, की आपणही छोटं इंजिन पळवूया.

मी परत आलो ते वेगळाच विचार घेऊन. त्यांच्याकडं लाईन कुणाची, असं विचारलं की माणसं हात वर करतात. चराचा हा तुकडा माझा, ती मोरी त्याची, हे कुंपण तिसऱ्याचं. आपल्याकडं आमच्या भरावाला विचारलं की रेल्वेचा म्हणतात, कुणी महसूलचा म्हणतं, कुणी म्हणतं आता कुणाचाच नाही. मुरूम नेताना तो सगळ्यांचा असतो. मोरी काढताना कुणाचाच नसतो. मोरी तुंबतेय हे मला दोन वर्षांपासून दिसत होतं. एका ऑफिसात अर्जही दिला होता. त्यांनी दुसऱ्या ऑफिसात जायला सांगितलं. तिथं मी गेलो नाही. आणि स्वतः फावडंही उचललं नाही. वेल्समधून येऊन सगळ्यांना फोटो दाखवले, त्या तीन म्हाताऱ्यांचं कौतुक सांगितलं, आणि माझी मोरी तशीच. एक एकर तूर गेली तेव्हा अक्कल आली.

मागच्या रविवारी आम्ही चौघं शेजारी सकाळी आठला भरावावर गेलो. फावडी, कुदळ, घमेली आणि एक कोयता. दुपारी एकपर्यंत मोरी मोकळी झाली. ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंग कागदच पाच पोती निघाला. आतून बघितलं तर घडीव दगड जसेच्या तसे, एक सांधा सुटलेला नाही. त्याच्यावरून कापूस गेला, पोती गेली, वारकरी गेले, आमची आजी गेली. गाडी बंद झाली तरी मोरी पाणी न्यायचं काम करतच होती. आम्हीच तिचं तोंड बंद केलं होतं.

वहीत नावं लिहून ठेवली आहेत. दरवर्षी मृगाच्या आधी एकदा आणि हस्ताच्या पावसानंतर एकदा मोरी बघायची. पुढच्या मृगाला पहिली पाळी माझी. मुद्दाम इथं लिहिलंय, म्हणजे विसरलो तर तुम्ही विचाराल. भरावाचा मुरूम कुणी उचलू नये हेही आपसात ठरवलंय, बघू किती टिकतं. भराव गेला तर ओढ्याचं पाणी थेट खालच्या रानात शिरेल हे समजावून सांगितलं, तेव्हा कुठं दोघांनी मान हलवली.

तुमच्या शिवारात जुन्या लाईनचा भराव, बारव, दगडी बंधारा, जुना पाट, असं काही असेल तर पावसाळ्याआधी एकदा चालत जाऊन बघा. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं एवढंच बघा. बार्शी लाईटनं माल पाठवलेले कुणी जुने जाणते घरात असतील, तर त्यांना विचारून कुठल्या स्टेशनावरून काय माल जायचा ते खाली लिहा. मी वहीत उतरवून ठेवतोय.

ता. क. ज्यांनी तुरीतल्या मरीवर विचारलंय त्यांच्यासाठी: पाणी उभं राहिलेल्या रानात आता औषधाला पैसे घालू नका. आधी चर काढा. मेलेली झाडं उपटून बांधावर टाकू नका, जाळून टाका. पुढच्या वर्षी त्या रानात तूर घ्यायची नाही, असं मी ठरवलंय.